धानाच्या बांधीतून दर्यावर : दोघांच्या शिडाच्या सफरीची तयारी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी आठशे किलोमीटर. मी शाळेतून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको जयगडहून मालवणपर्यंत शिडाच्या होडीने गेलो. आठ दिवस लागले. हाच रस्ता गाडीने अर्ध्या दिवसाचा आहे, हे आमच्या जावयाने तीनदा सांगून झालं आहे.

तेव्हापासून गावात कोणी ना कोणी विचारतं, "बाई, तिथं दिवसभर करायचं काय राह्यते?" दोन-तीन जोडपी खरोखरच जायचं म्हणत आहेत. कोकणातल्या माणसाला जे सांगावं लागत नाही, तेच आपल्याकडच्या माणसाला आधी सांगावं लागतं, म्हणून हे लिहिते आहे. पोहता येत नाही, समुद्र सहलीत एकदाच पाहिलाय, पन्नाशी उलटली आहे, असं धरूनच वाचा. आमचं तसंच होतं.

आधी दिवस ठरवा

आपल्या शेतीचा आणि समुद्राचा हंगाम चांगला जुळतो. धान कापून, चुरून, विकून झालं की डिसेंबरचा मध्य येतो. समुद्र तेव्हाच निवळलेला असतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचे दिवस धरा. त्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळं उठतात. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान कोकणातल्या मच्छीमारांना आजही आठवतं. मे महिन्यावर विसंबू नका. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मे महिन्यातच किनाऱ्याला घासून गेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीसुद्धा बंद असते. जिथे कोळी होडी घालत नाही तिथे आपलं काय काम?

जायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. मालवणच्या दिशेने निघालात तर तो पाठीशी. उलट निघालात तर तो तोंडावर, आणि शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर चालतच नाही. डावीकडे-उजवीकडे तिरपी नेत, नागमोडी जावं लागतं. दहा मैलांचे पंधरा होतात आणि पाठीचे हाल होतात ते वेगळेच. एका बाजूने होडीने जा आणि रेल्वेने परत या. आम्ही विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला आणि तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरीला गेलो. नागपूरहून मडगावकडे गाडी असते तेव्हा ती जास्त सोयीची.

तालीम घरच्या तलावात

समुद्रावर जाऊन शिकू म्हणाल तर पहिले चार दिवस वाया जातील. आपल्या झाडीपट्टीत तलावांना तोटा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गावोगाव मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, हे नागपूरच्या पाहुण्यांना दरवेळी समजवावं लागतं. नवेगावबांधसारखा मोठा तलाव जवळ असेल तर उत्तमच.

पोहणं शिका. छान पोहता आलं नाही तरी चालेल, पण नाकातोंडात पाणी गेल्यावर घाबरणार नाही इतकं यायला हवं. मी छप्पन्नाव्या वर्षी शिकले. पूर्वी पोरं वाळलेला भोपळा कमरेला बांधायची, मी पाच लिटरचे दोन रिकामे डबे बांधले. पाळीवर बसून अर्धं गाव बघत होतं, बघू द्यावं. ज्या दिवशी जाकीट घालून पाठीवर दहा मिनिटं निवांत तरंगता आलं, त्या दिवशी तालीम पुरी झाली समजा.

मग गावातल्या धीवराला विनंती करून त्याच्या डोंग्यात बसा. जाकिटाशिवाय मात्र नको; वैनगंगेत डोंगा उलटल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, त्यातली बहुतेक माणसं जाकिटाशिवायच असतात. डोंगा एक गोष्ट फार लवकर शिकवतो. उभं राहायचं नाही, सरकताना खाली वाकून सरकायचं आणि दोघांनी एकाच काठावर झुकायचं नाही. आणखी एक अभ्यास काठावर बसून करा. रोज तीनदा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, वारा कुठून येतो ते बघा. पाण्यावर ज्या बाजूने बारीक काळपट सुरकुत्या धावत येतात, तिकडून झुळूक येते आहे. हे डोळ्यांत बसलं की होडीवर अर्धं काम झालं.

दोरीच्या गाठी तुम्हाला येतातच. बैल बांधणारा माणूस खलाशाइतकाच गाठींचा जाणता असतो, नावं तेवढी वेगळी. एक मात्र मुद्दाम शिका, ताण पडला तरी फास न आवळणारी आणि नंतर एका झटक्यात सुटणारी गाठ. तिला बोलाइन म्हणतात. आमच्या ह्यांनी पाहिली आणि म्हणाले, "हे तर विहिरीच्या बादलीची गाठ होय!" पुरती तीच नव्हती, पण सख्खी बहीण होती.

होडी आणि तांडेल

पहिल्या खेपेला होडी स्वतः चालवायचा हट्ट नको. खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास असलेल्या शिडाच्या होड्या आपल्याकडे थोड्याच आहेत. मुंबई आणि गोव्याकडे त्या भाड्याने मिळतात, बहुतेक चालवणाऱ्यासकट. मुंबईत शीड शिकवणारे क्लब आहेत. हौस असेल तर आधी तिथे काही दिवस काढा. आम्हाला भाच्याच्या ओळखीतून एका मालकाची तीस फुटी होडी मिळाली आणि तिच्यासोबत रत्नागिरीकडचे एक तांडेल, म्हणजे होडी चालवणारे जाणते खलाशी. वय आमच्याएवढंच, बोलणं कमी, आणि त्या किनाऱ्यावरचा एकेक खडक त्यांना तोंडपाठ.

पैसे ठरवताना फक्त रोजचं भाडं विचारून थांबू नका. डिझेल कोणाचं, तांडेलाची मजुरी आणि जेवण त्यात धरलं आहे का, हवा बिघडून दोन दिवस बंदरात बसावं लागलं तर त्याचं भाडं पडणार का, होडी परत नेण्याचा खर्च कोणाचा? शेवटच्या प्रश्नावर आमचे हे तासभर घासाघीस करत होते. मी लाजले होते, पण त्यांचंच बरोबर निघालं.

होडीत पाय ठेवल्यावर काय बघायचं? प्रत्येकाच्या अंगाला बसणारं जाकीट आहे का, हे बघा आणि घालूनच बघा. वायरलेस चालतो का? त्यावर १६ नंबरचा चॅनेल संकटासाठी असतो. तो लावायचा कसा हे दोघांनीही शिका. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आणि भिंतीवर लिहून ठेवा. आग विझवायचा सिलिंडर, पाणी उपसायचा पंप, दोन नांगर. ओळखपत्रं जवळच असू द्या, २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडीची चौकशी होतेच, आणि ती व्हायलाच हवी.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल घरी आपल्याला माहीत नसते अशी गोष्ट. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून बाहेर काढता येतो, होडीत तो खाली तळाच्या पोकळीत साचतो आणि ठिणगीची वाट बघत बसतो. म्हणून चहा झाला की शेगडीचं बटण पुरेसं नाही, सिलिंडरचाच कॉक बंद करायचा. दर वेळी.

पंचांगातली भरती

इथे आपला शेतकरी शहरातल्या माणसाच्या पुढे असतो, कारण त्याला आज तिथी कोणती हे विचारावं लागत नाही. तांडेलांनी पहिल्याच संध्याकाळी हिशोब सांगितला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती पुरी. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पुरती ओहोटी. हा अडाखा आहे, मिनिटाचा हिशोब नाही. छापील तक्ता जवळ ठेवाच. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि तितकंच उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला चढउतार कमी, त्याला भांग. रत्नागिरी-मालवणकडे उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं. मुंबईकडे चार मीटरच्याही वर.

हे नुसतं माहीत असून भागत नाही, हे आम्ही पूर्णगडला शिकलो. मुचकुंदी नदी तिथे समुद्राला मिळते. अशा मुखांशी नदीने आणलेल्या वाळूचा बांध पाण्याखाली असतो, आपल्या बांधीच्या धुऱ्यासारखा. तांडेल म्हणत होते, बाहेरच थांबू, पाणी चढू द्या. आम्हालाच घाई, किनाऱ्यावर उतरून चहा प्यायचा होता. ओहोटी लागलेली असताना आत शिरायला गेलो आणि होडीने वाळूत बूड टेकलं. भरतीत रुतलं तर पाणीच तासाभरात उचलून देतं. ओहोटीत रुतलं की पुढचं पाणी येईपर्यंत तसंच. चार तासांहून जास्त आम्ही तिरक्या होडीत, भिंतीवर पाय टेकून बसलो होतो. काठावरच्या पोरांनी आमचे भरपूर फोटो काढले. तेव्हा नियम असा की खाडीत शिरायचं ते चढत्या पाण्यावर.

वाऱ्याचं वेळापत्रक

शाळेत मी पंचवीस वर्षं खारे वारे आणि मतलई वारे शिकवले. फळ्यावर बाण काढायचे, मुलं पाठ करायची. खरे वारे अंगावर घेतले ते निवृत्तीनंतर.

रात्री जमीन थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. तो हलका असतो आणि समुद्र तेव्हा सपाट असतो. उजाडता उजाडता नांगर उचलायचा तो याच्यासाठी. नऊ-दहापर्यंत तो क्षीण होतो, मग तास-दीड तास वारा पडतो आणि शीड नुसतं लोंबत राहतं. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारपर्यंत जोर धरतो. हेच तुमच्या दिवसाचं वेळापत्रक. पहाटे चालायचं, वारा पडला की स्वयंपाक, दुपारी पुन्हा चालायचं आणि चारच्या आत नांगर टाकायचा. वारा पडल्यावर इंजिन लावून पुढे काढायची घाई बरेच जण करतात. मला तो तासच सगळ्यात आवडायचा. एकदा त्या वेळेत डॉल्फिन इतके जवळून गेले की त्यांच्या श्वासाचा फुस्कारा ऐकू आला, आणि कुकरची शिट्टी झाली तशी मी दचकले.

दिवसाला वीस सागरी मैलांच्या वर जाऊ नका. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि होडी तासाला चार-पाच मैल चालते. जयगड ते रत्नागिरी एकोणीस-वीस मैल, रत्नागिरी ते पूर्णगड अकरा-बारा, तिथून विजयदुर्ग पंधरा-सोळा, विजयदुर्ग ते देवगड दहा-अकरा, देवगड ते मालवण वीस. चालायचे दिवस पाच, बाकी तीन दिवस मुक्काम. रात्री चालू नका. किनाऱ्यालगत मासेमारीची जाळी अंथरलेली असतात, अंधारात त्यांचे तरंगते बोये दिसत नाहीत आणि जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं तर तुमचाही दिवस जातो आणि त्या मच्छीमाराचाही. हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी बघायचा.

मागून वारा असताना एक धोका ध्यानात ठेवा. शिडाच्या खालच्या कडेला जी आडवी काठी असते, ती वाऱ्याची बाजू बदलली की दाराच्या फळीसारखी एका क्षणात पलीकडे जाते. मध्ये डोकं असेल तर डोकं फुटतं. तांडेलांनी ती दोरीने एका बाजूला बांधून ठेवली होती. तुमच्या होडीवर बांधली नसेल तर बांधायला सांगा. आणि लाटांची टोकं सगळीकडे पांढरी दिसू लागली की शीड लहान करायचं. अजून थोडं बघू, असं म्हणायचं नाही.

होडीवरचा संसार

तीस फुटी होडीत आतली जागा आपल्या पडवीपेक्षा लहान असते. तिथे दोन माणसं आठ दिवस. भांडण होणार हे धरून चाला.

आमचं पहिलं भांडण दोरीवरून झालं. हे ओरडले "सोड!", मला वाटलं दोरी पूर्ण सोड, त्यांना म्हणायचं होतं थोडी ढील दे. शीड फडफडलं, हे चिडले, मी तासभर बोलले नाही. त्या रात्री आम्ही शब्द ठरवले. "ढील" म्हणजे हळूहळू सैल कर, "ताण" म्हणजे ओढ, "धर" म्हणजे आहे तिथेच थांबव, आणि "सोड" हा शब्दच काढून टाकला. बैल हाकताना जशी बोली ठरलेली असते तसंच. वाऱ्यात शब्द उडून जातात, म्हणून हाताच्या खुणाही ठरवा.

साडी नको. मी हट्टाने दोन साड्या नेल्या आणि पहिल्याच दिवशी पदर दोरीच्या चाकात गेला. सलवार किंवा ढगळ पँट, पूर्ण बाह्यांचा सदरा, दोरी लावलेली टोपी. खाऱ्या पाण्याने भिजलेला कपडा पुरता वाळतच नाही, मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं. अंथरुणाचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि ओल्या कपड्यांनी त्यांच्यावर बसू नका, कोणी का असेना.

गोडं पाणी माणशी रोज पाच लिटर धरा, पिणं आणि स्वयंपाक मिळून, आणि वर दोन दिवसांचं जास्तीचं. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याचा एक हात. आंघोळही तशीच. खाऱ्या पाण्यात आपल्या साबणाला फेस येत नाही, शाम्पूला येतो.

संडास हाताने पंप मारायचा असतो. त्यात कागदही टाकायचा नाही, नळी तुंबते आणि ती साफ करायला कोण बसेल यावरून दुसरं भांडण होतं. बंदरात, लोकांच्या होड्यांजवळ तो वापरूच नका, किनाऱ्यावर जा.

स्वयंपाकाला कुकरच न्या, हेलकाव्यात सांडत नाही. आम्ही धानवाले, भाताशिवाय जेवण होत नाही. तांदूळ, लाखोळीची डाळ, वड्या, जवसाची चटणी, मुरमुरे, पोहे, गूळ, लिंबं आणि एक पेटी संत्री घरून नेली होती. संत्री सगळ्यात कामाला आली. मासे रोज होडीवरूनच विकत मिळायचे. बांगड्याचं कालवण तांडेलांनी केलं, वडीची भाजी मी; त्यांनी वडी पहिल्यांदा खाल्ली आणि "कसला मासा हा?" असं विचारलं. मच्छीमारांच्या होडीवर पाय ठेवायचा असेल तर विचारून, आणि चपला काढून.

होडी लागली तर

गाडी लागते तशी होडीही लागते. बढाई मारू नका. "चिखलात नांगर धरणाऱ्याला काय होते?" असं म्हणणारे आमचे हे जयगडची खाडी ओलांडून बाहेर पडताच आडवे झाले. गणपतीपुळ्याचं देऊळ समुद्रातून फार सुंदर दिसतं, असं मीच त्यांना नंतर सांगितलं. गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. रक्तदाबाची, साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि गोळीने झोप येते म्हणून सुकाणू दुसऱ्याला द्या. आत खोलीत पडून राहू नका. बाहेर बसा, लांब क्षितिजाकडे बघा, आल्याचा तुकडा चघळा. बहुतेकांचं दोन दिवसांत शांत होतं.

आणखी एक सराव दोघांनी आलटून पालटून करा. नारळ पाण्यात टाकायचा, "माणूस पडलं!" असं ओरडायचं, एकाने नारळावरची नजर अजिबात हलवायची नाही, बोट त्याच्याकडे रोखून ठेवायचं, आणि दुसऱ्याने होडी फिरवून आणायची. लाटांमध्ये नारळ किती लवकर दिसेनासा होतो हे बघितलं की जाकीट घालायला कोणी सांगावं लागत नाही. आमचा पहिला नारळ गेला तो गेलाच.

नांगर आणि रात्र

नांगर वजनाने धरतो असं वाटतं. खरं तर तो जमिनीशी आडवा ओढला गेला तरच रुततो, आणि त्यासाठी दोर लांब लागतो. हिशोब असा. आत्ता खोली चार मीटर, भरतीला अजून दोन चढणार, होडीचं टोक पाण्यावर एक मीटर, झाले सात. त्याच्या पाचपट, पस्तीस मीटर दोर. जवळपासच्या होड्यांपासून तेवढं अंतरही हवं, कारण वारा फिरला की होडी नांगराभोवती फिरते. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, समजा एक माड आणि मागचा देवळाचा कळस. अर्ध्या तासानेही त्या एका रेषेत असतील तर नांगराने धरलं आहे. विजयदुर्गाची खाडी मुक्कामाला सगळ्यात निवांत, तिथे आम्ही दोन रात्री काढल्या. मालवणला मात्र पाण्याखाली खडक पसरलेले आहेत, वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय आत शिरूच नका. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग तिथेच का बांधायला घेतला, ते होडीतून बघताना आपोआप कळतं.

अंधार पडला की टोकाला पांढरा दिवा लावा आणि बाकीचे दिवे मालवा. काही रात्री पाण्यात हात फिरवला तर बोटांमागे निळसर उजेड उठतो. त्या पाण्यातले बारीक जीव चमकतात, भ्यायचं कारण नाही. मग ध्रुव शोधा. हात लांब करून मूठ धरली की आकाशात सुमारे दहा अंश झाकले जातात. आमच्या अंगणातून ध्रुव क्षितिजावर दोन मुठी असतो, मालवणला दीडच. पाच अंश दक्षिणेला आलो याची पावती. सूर्यही तिथे घरच्यापेक्षा अर्धा तास उशिरा मावळतो, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला ह्यांची रोज कुरकुर असायची.

उतरल्यावर

सामान बांधायच्या आधी भरतीच्या वेळेत होडी धुऊन द्या, दोर गोड्या पाण्यातून काढा, आणि तांडेलांच्या घरी काहीतरी पाठवा. आम्ही नंतर तांदळाचं पोतं पाठवलं.

जमिनीवर पाय ठेवल्यावर जमीन हलते. हा आजार नाही, कान अजून होडीतच असतात. एक-दोन दिवसांत थांबतं, पण तोपर्यंत मोटरसायकल चालवू नका. आमचे हे स्टेशनवरून गाडी घेऊन निघाले आणि गावच्या वळणावर सरळ पाटात गेले. पाटाला पाणी नव्हतं म्हणून बरं. काठावरून कोणीतरी विचारलं, "गुरुजीन बाई, समुद्रावून आले म्हनते, मंग पाटात कायले बुडता?"